सवाल ठरवतो कोण? अंबादेवी ते टीव्हीवरची चर्चा

संध्याकाळ झाली की अकोला-अमरावतीच्या घराघरांत मराठी वाहिन्यांवरची थेट चर्चा सुरू होते. आज आरक्षण, उद्या शेतकरी आत्महत्या, परवा पुतळा. चार-सहा चौकटी, मध्ये सूत्रसंचालक, खाली ठळक अक्षरांत एक सवाल. आपला कार्यकर्ता एखाद्या चौकटीत दिसला की आपण खूश होतो. "साहेबांनी काय झोडला त्याला!" म्हणून ती क्लिप दिवसभर फिरवतो. पण तो सवाल कोणी ठरवला, हे आपण विचारत नाही. आमच्या मते चर्चेची खरी सत्ता त्या एका ओळीत असते.

ही गोष्ट बाबासाहेबांना शंभर वर्षांपूर्वी कळली होती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी' तयार नव्हता. बाबासाहेब दुसऱ्याच्या पानावर कोपरा मागत बसले नाहीत. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' हा सगळा प्रवास स्वतःचा सवाल स्वतः मांडण्याचा होता.

आपल्या वऱ्हाडातच त्याचा धडा आहे. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. विषय होता अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांचा प्रवेश. डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे बहुजन नेते पाठीशी होते. सनातन्यांचा सवाल होता, "यांना देवळात येऊ द्यायचे का?" हा सवाल मान्य केला की आपण याचक ठरतो आणि ते दाते. परिषदेचा मुद्दा वेगळा होता: हा आमचा समान हक्क आहे, तो नाकारणारे तुम्ही कोण? त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २५ डिसेंबरला, महाडमध्ये मनुस्मृती जाळली गेली. सवाल उलटवला की उत्तर देण्याची पाळी कोणावर येते, हे त्या वर्षाने दाखवले.

आता खैरलांजी पाहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. तेव्हा मराठीत चोवीस तासांची वृत्तवाहिनी नव्हती. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंध आणि गावकऱ्यांचा राग हीच कुजबूज होती, जात गायब होती. नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले. अमरावतीत पोलिसांच्या गोळीबारात आपला एक तरुण गेला. आणि सवाल काय झाला? तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी आंदोलनामागे नक्षलवादी असल्याचा संशय घेतला. "चौघांना का मारले?" याच्या जागी "आंदोलनामागे कोण?" आले. महिनाअखेरीस डेक्कन क्वीनचे डबे जळाले, तेव्हा देशभरच्या कॅमेऱ्यांना दलितांचा राग दिसला. रागाचे कारण मात्र पुन्हा मागे पडले.

त्यानंतर वाहिन्या आल्या. २००७ मध्ये 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा', २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत'. निखिल वागळे यांच्या 'आजचा सवाल'ने थेट चर्चा घरोघरी नेली. त्याचे श्रेय नाकारायचे कारण नाही. सत्ताधाऱ्यांना तोंडावर प्रश्न विचारता येतो, हे खेड्यातल्या पोराने तिथे पाहिले. नोव्हेंबर २००९ मध्ये शिवसैनिकांनी त्या वाहिनीच्या कार्यालयावर हल्ला केला, इतका तो प्रश्न बोचत होता. पण एक निर्भीड सूत्रसंचालक असणे वेगळे आणि सवाल ठरवणाऱ्या टेबलावर आपली माणसे असणे वेगळे.

त्या टेबलावर कोण बसते, याचे आकडे आहेत. २००६ मध्ये योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधील ३१५ निर्णयकर्ते तपासले. त्यांत दलित-आदिवासी एकही नव्हता. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री अहवालात १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ सवर्णांकडे होती, दलित-आदिवासी पुन्हा शून्य. हे आकडे राष्ट्रीय माध्यमांचे आहेत. मराठी वाहिन्यांनी आपली मोजणी स्वतः जाहीर करावी, आम्ही स्वागत करू.

याचा परिणाम २०१६ नंतर दिसला. ॲट्रॉसिटी कायद्याची चर्चा निघाली की सवाल ठरलेला: "कायद्याचा गैरवापर होतो का?" किती गुन्ह्यांत शिक्षा होते, साक्षीदार का फुटतात, तपास का रखडतो, हे सवाल क्वचितच झळकतात. खैरलांजीसारख्या हत्याकांडातही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. मग गैरवापर होतो की वापरच होत नाही? २० मार्च २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तोच गैरवापराचा सूर उचलला. तो उलटवण्यासाठी २ एप्रिलचा भारत बंद करावा लागला, तेव्हा संसदेने ऑगस्टमध्ये कायदा पूर्ववत केला. टीव्हीवर हरवलेला सवाल रस्त्यावर परत मिळवावा लागला आणि त्याची किंमत माणसांच्या जिवाने चुकवावी लागली.

काही मित्र म्हणतात, या चर्चांवर बहिष्कारच टाका. आम्हाला ते पटत नाही. मैदान सोडले की आपल्या नावाने दुसराच कोणी बोलतो. जा, पण पहिल्याच वाक्यात सवाल बदला. गुन्ह्याची तारीख, लावलेली कलमे, निकालाचा मजकूर हाताशी ठेवा. आरडाओरडा सूत्रसंचालक बंद करू शकतो, नोंदवलेली वस्तुस्थिती त्याला अडचणीची ठरते.

दुसरे काम आपल्या घरचे आहे. नागपुरातून 'आवाज इंडिया' आणि 'लॉर्ड बुद्धा' या वाहिन्या उभ्या राहिल्या. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पण आपल्या मंचावर फक्त आपलीच माणसे एकमेकांना टाळ्या देत असतील, तर ती चर्चा नव्हे. 'बहिष्कृत भारत'मध्ये बाबासाहेब विरोधकांचे आक्षेप मांडून मग त्यांना उत्तर देत. अकोल्यातल्या, अमरावतीतल्या विहारांत वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी एक सवाल घ्या. विरोधी मताच्या माणसाला सन्मानाने बोलवा. आपल्या आया-बहिणींना शेवटी आभार मानायला नको, पहिला प्रश्न विचारायला उभे करा.

चौकटीत जागा मिळणे ही सुरुवात आहे. खालची ओळ लिहिणारा हात आपला झाला पाहिजे.

जय भीम!