परवाना राज्याच्या सीमेवर थांबतो

२ जानेवारी २०२३ची रात्र. अमेरिकेतील ओहायो राज्यात, सिनसिनाटीच्या मैदानावर फुटबॉलचा सामना सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. पाहुण्या बफेलो बिल्स संघाचा दामार हॅमलिन प्रतिस्पर्ध्याला अडवून उभा राहिला आणि दुसऱ्याच क्षणी कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. संघाचे सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी मैदानातच त्याची छाती दाबून हृदय चालते ठेवण्याचे प्रयत्न सुरू केले. हॅमलिन वाचला, आणि पुढच्या हंगामात पुन्हा खेळलाही.

बफेलो न्यूयॉर्क राज्यात आहे. पाहुण्या संघाबरोबर सीमा ओलांडून आलेल्या उपचारकाला परराज्यात खेळाडूवर उपचार करण्याचा अधिकार असतो का, हा प्रश्न त्या रात्री कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. परंतु २०१८पर्यंत तो खरोखरच नाजूक होता.

‘ट्रेनर’ म्हटले की व्यायामशाळेतला प्रशिक्षक डोळ्यांसमोर येतो. अ‍ॅथलेटिक ट्रेनर तो नव्हे. दुखापत टाळणे, झाल्यास मैदानावर तातडीचे उपचार करणे आणि खेळाडूला पुन्हा उभे करणे हे त्याचे काम. या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १९५० साली कॅन्सस सिटीत स्थापन झाली. १९७०पासून त्यांची देशपातळीवरची परीक्षाही सुरू झाली. परीक्षा देशाची, परवाना मात्र राज्याचा! टेक्सासने १९७१मध्ये पहिला परवाना कायदा केला, मग एकेक राज्य आपापल्या अटींसह त्यामागे गेले.

हा अधिकार राज्यांकडे कसा? त्यासाठी १८८०च्या दशकातल्या वेस्ट व्हर्जिनियात जावे लागते. फ्रँक डेंट नावाचा वैद्य तिथे १८७६पासून व्यवसाय करीत होता. नव्या कायद्याने त्याच्याकडे मान्यताप्राप्त महाविद्यालयाची पदवी, राज्यातला दहा वर्षांचा अनुभव किंवा परीक्षेतील यश यांपैकी काहीतरी मागितले. डेंटने पदवी दाखवली; ती नेमकी सिनसिनाटीच्या एका महाविद्यालयाची होती. राज्याच्या मंडळाने ती नाकारली. डेंटने तरीही व्यवसाय चालू ठेवला आणि त्याला ५० डॉलर दंड झाला. १८८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : नागरिकांच्या रक्षणासाठी व्यवसायाची पात्रता ठरवण्याचा राज्याला अधिकार आहे. निकाल लिहिला न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी.

पन्नास डॉलरच्या त्या दंडावर पुढे अमेरिकेतील व्यावसायिक परवान्यांची अवघी इमारत उभी राहिली. भोंदू वैद्यांचा सुळसुळाट पाहता निकाल योग्यच म्हणावा लागेल. पण त्यामुळे प्रत्येक राज्याची सीमा ही पात्रतेचीही सीमा ठरली.

गंमत अशी की, या सीमेतून वाट काढण्याचा मार्गही फील्ड यांच्याच लेखणीतून मोकळा झाला. संसदेच्या संमतीवाचून राज्यांनी आपसांत करार करू नयेत, असे अमेरिकेची राज्यघटना सांगते. व्हर्जिनिया आणि टेनेसी यांच्या सीमावादात, १८९३मध्ये, फील्ड यांनी त्या कलमाचा अर्थ मर्यादित केला : संघराज्याच्या सत्तेला धक्का देणाऱ्या करारांनाच ती संमती लागते. इतर बाबतींत राज्ये आपापसांत ठरवू शकतात. परिचारिकांचा आंतरराज्य परवाना करार २०००मध्ये अमलात आला, तो याच वाटेने. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांचे करार पुढे आले.

अ‍ॅथलेटिक ट्रेनर या रांगेत मागे राहिले. त्यांची अडचण मात्र सर्वांत रोजची होती, कारण संघ दर आठवड्याला परराज्यात जाणार आणि ते सोबत असणार. काही राज्यांत पाहुण्यांना सवलत होती, काहींत नव्हती. शिवाय घरच्या राज्यात काढलेला व्यावसायिक निष्काळजीपणाचा विमा बाहेर लागू होईल याची हमी नव्हती. म्हणजे खेळाडूला वाचवताना स्वतःचा परवाना आणि घरदार पणाला लागण्याची शक्यता!

ऑक्टोबर २०१८मध्ये संसदेने यावर तोडगा काढला. विमान वाहतुकीच्या एका भल्यामोठ्या विधेयकात खेळवैद्यकाच्या परवान्याची ही तरतूद समाविष्ट झाली. संघाबरोबर परराज्यात केलेला उपचार कायद्याने स्वतःच्याच राज्यात केला असे मानले जाते आणि विमाही सोबत येतो. विमा कंपनीला आधी कळवलेले असले म्हणजे झाले. मात्र खेळाडू रुग्णालयात पोहोचला की तिथल्या उपचाराला हे छत्र नाही.

आणि संघ सोडून, कुटुंबाच्या बदलीमुळे कायमचे दुसऱ्या राज्यात गेलेल्या ट्रेनरला तर हा कायदा काहीच देत नाही. त्याला पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा प्रतीक्षा. म्हणूनच परिचारिकांसारखा करार ट्रेनरांसाठीही व्हावा, अशी खटपट सुरू झाली. अशा करारात प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाला एकच मसुदा मंजूर करावा लागतो आणि एकमेकांचे परवाने मानावे लागतात. कॅलिफोर्नियाची अडचण त्याहून मुळातली. तिथे २०२४पर्यंत अ‍ॅथलेटिक ट्रेनरसाठी परवानाच नव्हता. मग शेजाऱ्यांनी मान्य करायचे ते काय?