खाम नदीच्या वाळूत सोने मिळेल का?

परातीत पाण्यासोबत वाळू घोळवली की हलके कण वाहून जातात आणि जड सोने तळाशी उरते. सोने पाण्याच्या सुमारे १९ पट जड असते, वाळू अडीच पट. पूर्व विदर्भ व बालाघाट भागातील सोनझरी समाजाचा हा पारंपरिक व्यवसाय.

छत्रपती संभाजीनगरचा परिसर मात्र बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात सोन्याचे साठे नसल्याने खाम नदीच्या वाळूवर पैसे लावणे म्हणजे ते पाण्यात घालणेच. शिवाय परवान्याविना खाणकाम केल्यास १९५७च्या खाण व खनिज कायद्यानुसार ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोने गोळा करण्यासाठी पारा वापरून तो तापवल्यास निघणारी वाफ मेंदू आणि मूत्रपिंडांना घातक ठरते.

सराफी पेठांतले झारेकरीही सोने धुऊनच काढतात, पण दुकानांतल्या केरातून. तिथे सोने असल्याची खात्री आधीच असते.