टेकडीवरचा निरोप्या

आमच्या गोंदिया जिल्ह्यात अमका तलाव कोणी बांधला, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. नवेगावबांधचा विषय निघाला की कोलू पाटील कोहळीचं नाव निघतंच. पण त्या तलावांचा गाळ कोणी उपसला, पाळीवरची झुडपं कोणी तोडली, तुडुम कोणी दुरुस्त केलं, त्यांची नावं कोणालाच ठाऊक नाहीत. आमचे मालगुजारी तलाव एकेकटे नाहीत. वरच्याचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या बोडीत येतं, तिथून पुढच्या तलावात. मधली एक पाळ फुटली तर खालच्या धानाच्या बांध्या वाळतात. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, अन् हे काम आता आपलं नाही असं गावाला वाटू लागलं. तलाव जागेवरच राहिले, निगा तेवढी गेली.

तलावांचं हे सांगतो ते रेडिओबद्दल बोलायचं म्हणून. कारण रेडिओतही अशीच एक साखळी असते, आणि तिचं दुखणंही हेच आहे.

मी शाळामास्तर, पण रात्रीचा हॅम. हॅम म्हणजे हौशी रेडिओचालक. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा, आपलं यंत्र आपण बसवायचं आणि ज्याला ऐकू येईल त्याच्याशी बोलायचं. त्यातून पैसा कमवायचा नाही, हा नियमच. माझी तार चिंचेपासून मोहाच्या झाडापर्यंत, 20 मीटर लांब. शेजारच्या म्हातारबाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘‘गुर्जी, एवढ्या वर कपडे वाळू घालता का जी?’’

त्या तारेवरून 7 मेगाहर्ट्झवर रात्री कोलकात्याचा माणूस शेजारी बसल्यासारखा बोलायचा. पण देवरीचा माणूस ऐकू येत नसे. लहर आभाळातल्या विद्युतभारित थरावर आपटून लांब जाऊन पडते, मधला मुलूख कोरडा राहतो. जवळच्यांशी बोलायला 144 ते 146 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. ही लहर जवळपास नजरेसारखी सरळ जाते. 10 मीटरच्या खांबावरून तिला साधारण 13 किलोमीटर दिसतं. 100 मीटरच्या टेकडीवरून 40 किलोमीटर. म्हणून टेकडीवर रिपीटर बसवतात. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी 600 किलोहर्ट्झ सरकून दुसऱ्या वारंवारतेवर तेच मोठ्याने बोलतो. खालच्या दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, पण दोघांनाही टेकडी दिसते. जुन्या काळी गावोगाव दवंडी देणारा असायचा, तसा हा वर बसलेला निरोप्या.

गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर. 100 मीटर उंचीच्या दोन टेकड्या फार तर 80 किलोमीटरवरून एकमेकींना पाहतील. म्हणजे एका उडीत काम भागत नाही, मध्ये तिसरी टेकडी लागते. मग प्रत्येक टेकडीवर आणखी एक छोटा रेडिओ बसवायचा, दुसऱ्या पट्ट्यातला, आणि त्याचा अँटेना शेजारच्या टेकडीकडे रोखायचा. एका टेकडीखाली बोललेलं सगळ्या टेकड्यांखाली ऐकू येतं. तलावाखाली तलाव, तशी टेकडीमागे टेकडी.

सह्याद्रीतल्या अशा एका टेकडीवर मी मित्रांबरोबर दोनदा गेलो. पहिल्यांदा वाटलं होतं, यंत्र बघायला मिळेल. यंत्र पाहण्यात दहा मिनिटं गेली, बाकीचा दिवस हमालीत. बॅटरी चार जणांनी पाळीपाळीने खांद्यावर वर नेली. सौर पत्र्यावरची धूळ अन् पाखरांची घाण धुतली. अँटेनाकडे जाणाऱ्या जाड तारेच्या जोडात पावसाचं पाणी शिरून तांबं हिरवं पडलं होतं. जोड कापून नवा केला, वर रबरी पट्टी गुंडाळली. डब्यात मुंग्यांनी घर केलं होतं. विजेपासून बचावासाठी पुरलेली जमिनीची तार तपासली. एकाच अँटेनावरून ऐकायचं अन् बोलायचं, म्हणून धातूची नळकांडी बसवलेली असतात. ती आपल्या आवाजाने आपलेच कान बसू देत नाहीत. त्यांचे स्क्रू केसभर हलले तरी रिपीटर बहिरा होतो. एका मित्राने दोन तास त्यांच्यापुढे मांडी घालून काढले. कोणाला दमडी मिळाली नाही. उलट बॅटरीची वर्गणी प्रत्येकाने घरून आणली होती.

उतरताना मी विचारलं, हे किती दिवस पुरेल? उत्तर आलं, ‘‘पुढच्या पावसाळ्यापर्यंत, मास्तर. मग परत या.’’

हॅमच्या इतिहासातही हेच दिसतं. भारतात पहिले परवानाधारक 1921 च्या सुमाराचे, बंगालमधले अमरेंद्र चंद्र गुप्तू आणि मुकुल बोस. 1939 मध्ये महायुद्ध लागलं तेव्हा इंग्रज सरकारने परवाने रद्द केले आणि यंत्रं पोलिसांत जमा करायला लावली. पण हातातली विद्या जमा करता येत नाही. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याचं यंत्र उभारण्यात हात असलेले नरीमन प्रिंटर हे पूर्वीचे परवानाधारक हॅम. ते केंद्र नोव्हेंबरात पकडलं जाईपर्यंत या घरातून त्या घरात हलवत चालवलं. हलवायचं, जोडायचं, पुन्हा सुरू करायचं. माईकवरच्या आवाजामागे ही मेहनत होती.

30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र, लोक गणपती बोळवून झोपलेले. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या भागात हॅम मंडळी बाहेरून यंत्रं घेऊन गेली, केंद्रं मांडली, निरोप पोचवले. त्या दिवशी बॅटरी भरलेली होती म्हणूनच ते जमलं, आणि ती आदल्या महिन्यात कोणीतरी भरून ठेवली होती. संकटाच्या दिवशी निगा करता येत नाही.

टेकडीहूनही उंच निरोप्या आपल्या इस्रोने बसवला. 5 मे 2005 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी6 या यानाने कार्टोसॅट-1 बरोबर हॅमसॅट नावाचा छोटा उपग्रह सोडला, केवळ हौशी रेडिओवाल्यांसाठी. त्यातलं एक यंत्र भारतात बनवलेलं, दुसरं विल्यम लेयेनार या डच विद्यार्थ्याने बनवलेलं. दोन वर्षं चालेल असा अंदाज होता, तो नऊ वर्षांच्या वर चालला. माझ्यासारख्या खेड्यातल्या माणसाला टेकडीशिवाय दूरचा आवाज त्याने दिला. जुलै 2014 मध्ये तो थांबला. कारण काय? बॅटरी. शेकडो किलोमीटर उंचीवर बॅटरी खांद्यावर कोण नेणार? आपल्या टेकड्यांचं बरं आहे, तिथे पायवाट जाते.

हे सगळं आज कशाला, असं लोक विचारतात. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. खरं आहे. पण मोबाइलचा टॉवरही बॅटरीवर उभा असतो, आणि वीज गेल्यावर ती काही तासांत संपते. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. वर मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं, अन् गोंदिया-भंडाऱ्याच्या नदीकाठची गावं बुडाली. वरचं पाणी खाली यायला कित्येक तास लागतात. आवाजाला डोळ्याची पापणी लवेल एवढा वेळही लागत नाही. त्या तासांत गुरं सोडता येतात, धान्याची पोती माळ्यावर चढतात, म्हातारी माणसं उंचावर नेता येतात. मात्र निरोप पोचवणारी मधली टेकडी त्या रात्री जागी हवी.

म्हणून तालुक्याला एक रिपीटर द्या, अशी मागणी घेऊन कोणी माझ्याकडे आलं की मला आनंद होतो अन् धाकधूकही वाटते. रिपीटरला वेगळा परवाना लागतो, जागा लागते, पैसा लागतो. ते सगळं धावपळ करून मिळेलही. फीत कापायला माणसं येतील, फोटो निघतील. तिसऱ्या वर्षी श्रावणात, पाय घसरत असताना, हिरवा पडलेला जोड कापायला कोण जाणार? आमच्या तलावांना जे झालं ते टेकड्यांनाही होईल. डबा राहील, आवाज जाईल.

आता आलेल्या पोरांना मी आधी परीक्षेची पुस्तकं देतो, मग एक कोरी वही पुढे करतो. पहिल्या पानावर वर्षातून चारदा वर चढणाऱ्यांची नावं लिहायची, किमान सहा. सहा नावं झाली की टेकडीची उंची मोजू, असं सांगून ठेवलं आहे.

आजपर्यंत चार झाली आहेत. त्यातलं एक शेजारच्या म्हातारबाच्या नातीचं आहे.