परदेशस्थ प्रेक्षक आणि आभासी खासगी जाल

स्वदेशाची दूरचित्रवाणी परदेशी पाहण्यासाठी आज योजिले जाणारे व्हीपीएन हे साधन मुळात त्या कामासाठी निर्माण झालेले नव्हे. दूरच्या कर्मचाऱ्यास कचेरीच्या संगणक-जालाशी सुरक्षितपणे जोडणे, हा त्याचा आरंभीचा हेतू होय. १९९९ साली प्रसिद्ध झालेला पीपीटीपीचा आराखडा याच परंपरेतला. पुढे २००७ साली बीबीसीचा आयप्लेअर सुरू झाला. त्यावरील दूरचित्रवाणी ब्रिटनपुरती मर्यादित असल्याने प्रेक्षकाचे स्थान आयपी पत्त्यावरून ठरू लागले, आणि कचेरीचे साधन प्रवाशाच्या हाती आले.

युरोपीय संघाने १ एप्रिल २०१८ पासून सशुल्क सेवांच्या वर्गणीदारास संघातील तात्पुरत्या प्रवासात आपल्या सेवा पाहण्याचा हक्क दिला. तथापि परदेशी स्थायिक झालेल्यास तो लाभला नाही.

भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे जतन करण्याचा आदेश काढला. तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी येथील यंत्रे हलविली व सिंगापूर, ब्रिटन येथूनच ‘भारतीय’ पत्ते देण्यास प्रारंभ केला. सबब परदेशस्थ मराठी प्रेक्षकाने निवड करताना वेग व मूल्य यांपूर्वी दोन गोष्टी तपासणे अगत्याचे आहे: यंत्र प्रत्यक्षात कोठे आहे, आणि नोंदी कोण ठेवतो. प्रक्षेपकापासून लपविलेला पत्ता व्हीपीएन चालविणाऱ्यापासून लपत नाही.