एक पडदा, दोन भिडू : मिळून खेळावयाच्या व्हिडिओ गेमचा उदय आणि ऱ्हास
(अलोरे, जि. रत्नागिरी येथील प्रकल्प-वसाहतीच्या संदर्भात)

प्रस्तावना

खेळाचा इतिहास हा सामाजिक इतिहासाचा दुर्लक्षित भाग आहे. सर्वसामान्य घरांतील मुले फावल्या वेळात काय खेळत होती आणि कोणाबरोबर खेळत होती, याची नोंद इतिहासकारांनी क्वचितच घेतली. विटीदांडू, लगोरी, आट्यापाट्या यांना निदान 'देशी खेळ' म्हणून मान मिळाला. दूरदर्शन संचाला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या वाट्याला तेही आले नाही. पालकांनी त्यास वेळेचा अपव्यय मानले, तर शिक्षकांनी अभ्यासातील अडथळा.

या खेळांपैकी एक प्रकार आज जवळजवळ लोप पावला आहे. दोन मुलांनी एकाच पडद्यासमोर शेजारी बसून, परस्परांविरुद्ध नव्हे तर एकाच बाजूने खेळावयाचा हा प्रकार होय. त्याच्या ऱ्हासाबद्दल दोन समज प्रचलित आहेत. पहिला असा की, मुलांनाच मिळून खेळण्याची आवड उरली नाही. दुसरा असा की, तंत्रज्ञान पुढे गेले आणि जुना प्रकार आपोआप मागे पडला. प्रस्तुत निबंधात या दोन्ही समजांची तपासणी केली आहे. दुसऱ्या भिडूची जागा प्रथम यंत्रातच अंतर्भूत होती. पुढे ती प्रत्येकाने स्वतंत्रपणे मिळवावयाची बाब झाली आणि हे स्थित्यंतर मुख्यतः आर्थिक होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

अलोरे : वसाहतीची पार्श्वभूमी

अलोरे हे चिपळूण तालुक्यातील, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याकडील गाव. कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात पोफळी येथील वीजगृहांतून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडी धरणात अडवून त्यावर पुन्हा वीजनिर्मिती करण्यात आली. १९७० च्या दशकात कार्यान्वित झालेल्या या टप्प्याची क्षमता ३२० मेगावॅट आहे. त्यानंतर १,००० मेगावॅट क्षमतेचा चौथा टप्पा उभा राहिला. त्यासाठी १९९९ मध्ये शिवसागर जलाशयाला तळातून छेद देण्याचा, म्हणजेच 'लेक टॅपिंग'चा, प्रयोग यशस्वी झाला.

अशा प्रकल्पांबरोबर वसाहती येतात. त्यांची घडण कोकणातील पारंपरिक वाडीपेक्षा भिन्न असते. वाडीत शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा, नात्यागोत्याचा आणि भावकीचा. वसाहतीत तो बदलीच्या आदेशाने मिळतो. निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे एकसारख्या निवासस्थानांत राहतात आणि आदेश आला की सामान बांधतात. अशा ठिकाणी मुलांना मैत्री वारशाने मिळत नाही, ती प्रत्येक वेळी नव्याने जुळवावी लागते. नव्या मुलास ताबडतोब सामावून घेणारा कोणताही खेळ अशा वस्तीत मोलाचा ठरतो. म्हणूनच एका पडद्यावरील सामायिक खेळाचे सामाजिक कार्य समजून घेण्यास अलोरेसारखी वसाहत हा योग्य संदर्भ आहे.

घरगुती व्हिडिओ गेमचे आगमन

या खेळांच्या प्रसारास दूरदर्शन संच ही पूर्वअट होती. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि पुढील काही वर्षांत प्रक्षेपकांचे जाळे जिल्ह्या-जिल्ह्यांत पसरले. जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीचे 'फॅमिली कॉम्प्युटर' हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आले. भारतीय मध्यमवर्गाला मात्र त्याची ओळख झाली ती मुख्यत्वे नकलांमधून. 'सामुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांची ही यंत्रे १९९० च्या दशकात शहरांतील दुकानांत दिसू लागली. मूळ परदेशी यंत्रे आयातशुल्कामुळे आवाक्याबाहेर होती. सेगा कंपनीने शॉ वॉलेसमार्फत भारतात आणलेल्या यंत्राची किंमत सुमारे १८,००० रुपये होती. नकली यंत्रे त्या मानाने अत्यंत स्वस्त होती. १ एप्रिल २००१ रोजी आयातीवरील उर्वरित संख्यात्मक निर्बंध उठल्यावर चिनी बनावटीच्या मालाचा ओघ वाढला.

कोकणचा मुंबईशी असलेला संबंध येथे लक्षात घ्यावा लागतो. गणपतीस आणि मे महिन्यात गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानातून नव्या वस्तू कोकणात येण्याची परंपरा जुनी आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर हे दळणवळण अधिकच सुलभ झाले. मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट या बाजारपेठांतील वस्तू यामुळे चिपळूण परिसराच्या अधिक जवळ आल्या.

दुसऱ्या भिडूची जागा

'फॅमिली कॉम्प्युटर'ला दोन नियंत्रक कायमचे जोडलेले होते आणि नकली यंत्रांच्या खोक्यातही सामान्यतः दोन नियंत्रक मिळत. मुले त्यांना 'रिमोट' किंवा 'जॉयस्टिक' म्हणत आणि खेळाच्या पेटीला 'कॅसेट'. दुसऱ्या खेळाडूसाठी वेगळे यंत्र, वेगळी कॅसेट वा वेगळे शुल्क लागत नसे. यंत्र एका घराने घ्यावयाचे आणि त्यातील दुसरी जागा शेजाऱ्यास आपोआप मिळावयाची, अशी ही रचना होती.

दोघांनी खेळावयाच्या सर्व खेळांचे स्वरूप मात्र एकसारखे नव्हते. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) मध्ये दोघे आळीपाळीने खेळत. एकाचा डाव चालू असताना दुसरा केवळ प्रेक्षक असे. याउलट नाम्को कंपनीच्या 'बॅटल सिटी' (१९८५) या रणगाड्यांच्या खेळात दोघे एकाच वेळी मैदानात उतरत आणि मिळून आपल्या तळाचे रक्षण करीत. साथीदाराची गोळी लागल्यास रणगाडा काही क्षण जागीच खिळून राही. स्वतःच्याच चुकीच्या गोळीने तळ उद्ध्वस्त झाला, तर डाव दोघांचाही संपे. कोनामी कंपनीच्या 'कॉन्ट्रा' (१९८७, घरगुती आवृत्ती १९८८) मध्ये धबधब्याचा टप्पा वर चढून पार करावा लागे. पुढचा खेळाडू घाईने चढला की पडदा वर सरके आणि खाली राहिलेल्याचा बळी जाई. कुशल खेळाडूने थांबणे, मागच्याची वाट पाहणे, ही येथे सौजन्याची बाब नसून खेळाची गरज होती. लगोरी वा आट्यापाट्यात भिडूचे जे स्थान, तेच येथे साथीदाराचे होते.

या खेळांत प्रगती साठविण्याची सोय नव्हती. वीज गेली की सारा डाव पहिल्यापासून मांडावा लागे. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले, हे लक्षात घेता खेळाची एक बैठक पूर्ण करणे हीदेखील संयुक्त कामगिरी होती. 'कॉन्ट्रा' कोठे थांबावे आणि कोठे उडी मारावी हे कोणत्याही पुस्तकातून नव्हे, तर शेजारी बसलेल्याकडून शिकले जाई.

याचा अर्थ ते दिवस निर्दोष होते असा नाही. ज्याचे यंत्र, त्याच्या हाती पहिला नियंत्रक, हा अलिखित नियम होता. मुलींच्या वाट्याला बहुधा प्रेक्षकाची भूमिका येई. दूरदर्शन संच घरात एकच असल्याने मोठ्यांच्या कार्यक्रमांपुढे मुलांचा खेळ थांबत असे. मिळून खेळणे हे केवळ सद्‌भावनेचे फळ नव्हते. ते बऱ्याच अंशी टंचाईचे अपत्य होते.

सार्वजनिक जागा आणि कायदा

घराबाहेर हे खेळ व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खेळले जात. सहकार्याने खेळावयाच्या यंत्रांची परंपरा तेथे जुनी होती. अटारी कंपनीच्या 'फायर ट्रक' (१९७८) मध्ये एक खेळाडू अग्निशामक गाडीचा पुढचा भाग चालवी आणि दुसरा मागचा. 'गॉन्टलेट' (१९८५) मध्ये चौघे एकत्र खेळत, पण प्रत्येकास स्वतःचे नाणे टाकावे लागे. 'माणशी शुल्क' हे तत्त्व पार्लरमध्ये आरंभापासून होते. घरगुती यंत्राने काही काळ त्यातून सुटका केली, एवढेच.

कायद्याने या जागांकडे पाहिले ते जुगाराच्या शंकेने. एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९९५) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमसाठी परवान्याची सक्ती वैध ठरविली. त्यानंतर सायबर कॅफेचा काळ आला. 'एज ऑफ एम्पायर्स २' (१९९९) आणि 'काउंटर-स्ट्राइक' (२०००) यांमुळे खोली एकच राहिली, परंतु पडदे अनेक झाले. साथीदार हाकेच्या अंतरावर होता, पण त्याच्यासाठी स्वतंत्र संगणक आणि तासाचे स्वतंत्र भाडे लागू लागले. २०११ च्या सायबर कॅफेविषयक नियमांनी ओळखपत्र, नोंदवही आणि आडोशाच्या उंचीची मर्यादा बंधनकारक केली. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यामागे कारणे होती. तथापि मुलांनी सहज एकत्र जमण्याची जागा म्हणून कॅफेचे स्वरूप त्यामुळे आणखी आक्रसले.

बाजारपेठेचे अर्थकारण

जागतिक पातळीवर निर्णायक बदल २००२ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स लाइव्ह' ही सशुल्क सेवा आणली. एका पडद्यावर दोघे खेळतात तेव्हा खेळाची एकच प्रत विकली जाते. दोघे आपापल्या घरून खेळतात तेव्हा दोन प्रती, दोन यंत्रे आणि दोन वर्गण्या विकल्या जातात. शिवाय पडदा विभागल्यास यंत्रास एकच दृश्य दोनदा रेखाटावे लागते. चित्रांची गुणवत्ता हाच विक्रीचा मुद्दा झाल्यावर हा भार कंपन्यांना नकोसा झाला. 'हेलो' या मालिकेचे उदाहरण बोलके आहे. तिच्या २००१ मधील पहिल्या खेळात विभागलेल्या पडद्यावर दोघांना मिळून कथा पूर्ण करता येई. २०१५ मधील पाचव्या भागात ही सोय वगळण्यात आली. खेळाडूंच्या नाराजीनंतर ती परत देण्याचे आश्वासन मिळाले. परंतु 'हेलो इन्फिनिट'च्या कथाभागासाठी आखलेली ही सोय २०२२ मध्ये रद्द करण्यात आली. मागणी नव्हती असे या घटनाक्रमावरून म्हणता येत नाही.

भारतात हाच बदल भ्रमणध्वनीच्या मार्गाने आला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये 'पब्जी मोबाइल' आला. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती अवतरली. या खेळात चौघांचा चमू असतो, हे विशेष. मिळून खेळण्याची आवड नष्ट झाल्याचा समज येथेच खोटा ठरतो. सहकार्य टिकले, सहवास गेला. प्रत्येक भिडूस स्वतःचा भ्रमणध्वनी, स्वतःचे खाते आणि स्वतःचा डेटा अपरिहार्य झाला. ज्याच्याकडे यांपैकी एखादी गोष्ट नाही, त्यास आता दुसरा नियंत्रक देता येत नाही.

अवशेष आणि पुनरुज्जीवन

हा प्रकार पूर्णतः नामशेष झालेला नाही. 'ओव्हरकुक्ड' (२०१६) आणि 'कपहेड' (२०१७) यांनी तो जिवंत ठेवला. केवळ दोघांनीच खेळता येणाऱ्या 'इट टेक्स टू' (२०२१) या खेळास त्या वर्षीचा 'द गेम अवॉर्ड्स'चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 'लुडो किंग' (२०१६). त्यात एकच भ्रमणध्वनी हातोहात फिरवून खेळण्याची सोय आहे आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोहोचला. तो सहकार्याचा नव्हे तर स्पर्धेचा खेळ आहे. तरीही एका पडद्याभोवती माणसे बसू इच्छितात, हे त्याने दाखवून दिले.

निष्कर्ष

१. एका पडद्यावरील सहकार्याचा खेळ लोप पावला तो आवड संपल्यामुळे नव्हे, तर दुसऱ्या खेळाडूची विनामूल्य जागा विक्रीच्या गणितात बसेनाशी झाल्यामुळे.

२. घरोघरी पडदे वाढल्याने टंचाई दूर झाली. मात्र त्या टंचाईने घडविलेला शेजारही त्याबरोबर विरळ झाला. बदलीच्या वसाहतींत ही हानी अधिक जाणवणारी आहे, कारण तेथे शेजाराला नात्याचा आधार नसतो.

३. कायद्याचे लक्ष १९९५ मधील परवान्याच्या निवाड्यापासून २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमविषयक कायद्यापर्यंत प्रामुख्याने पैशाच्या खेळावर राहिले. मिळून खेळणे ही जतन करण्यासारखी सामाजिक बाब आहे, असा विचार धोरणात आला नाही.

४. या इतिहासाची साधने नाशिवंत आहेत. नकली यंत्रांवर बहुधा निर्मात्याचा पत्ता नसे आणि कॅसेट भंगारात जातात. ज्यांनी ती हाताळली ती पिढी आज तिशी-चाळिशीत आहे आणि प्रकल्पांच्या वसाहतींतून केव्हाच पांगली आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या परिसरात मौखिक साक्षी आणि उरलेली यंत्रे संकलित करण्याचे काम आताच हाती घेणे आवश्यक आहे.

विद्यार्थ्याच्या हातातील भ्रमणध्वनीकडे पाहून 'ही मुले एकलकोंडी झाली' असा निर्णय देणे सोपे आहे. त्यांच्या आधीच्या पिढीला दुसरा नियंत्रक यंत्राबरोबरच मिळाला होता आणि या पिढीला तो मिळालेला नाही, हे ध्यानात घेतल्यास दोष कोणाच्या पदरी घालावयाचा, याचा फेरविचार करावा लागतो.