रंध्यावरील शिक्का व कारागिराचा हात

ताम्रपट, शिलालेख, सनदा आणि दफ्तरें हींच काय तीं इतिहासाचीं साधनें, असा समज आपल्यांत दृढ आहे. परंतु ज्यांनीं कागदावर स्वतःविषयीं एक ओळहि ठेविली नाहीं, त्यांचा इतिहास कशावरून लिहावयाचा? या प्रश्नाचें एक उत्तर सुताराच्या पेटींत सांपडतें. प्रस्तुत टिपणांत अठराव्या शतकांतील उत्तर अमेरिकेच्या दोन रंधेकारांच्या शिक्क्यांचा विचार आम्ही करीत आहों. विषय दूरदेशींचा आहे हें खरें. तथापि त्यांतील प्रमाणपद्धति आमच्या पोथीसंग्राहक वाचकांच्या नित्य परिचयाचीच आहे.

आरंभीं शब्दांविषयीं थोडेंसें. सुतार लांकूड तासतो. हा 'तास्' धातु संस्कृत 'तक्ष्' पासून आलेला. पण तासलेल्या फळीवर तो जो रंधा फिरवितो त्याचें नांव फारसी 'रंदा' याचें रूप होय, आणि काटकोन पाहण्याचा त्याचा गुण्या हा मूळच्या ग्रीक शब्दावरून फारसींत येऊन तेथून इकडे आला. म्हणजे सुताराची पेटी हीहि एक प्रकारचें दफ्तरच आहे. तें वाचणारा मात्र पाहिजे.

सपाट रंधा सर्वांनीं पाहिलेला असतो. आमचा विषय आहे तो कंगोरे काढण्याचा रंधा. दारांच्या चौकटी, पेट्यांचे कांठ, तक्तपोशीच्या पट्ट्या यांवर जे गोलवे व खांचे दिसतात ते या रंध्यानें काढीत. याच्या तळाचा आकार काढावयाच्या कंगोऱ्याच्या बरोबर उलट असतो. म्हणून हा रंधा हत्यारहि आहे आणि फर्माहि आहे.

त्याची घडण अशी. चांगलें वाळलेलें, सरळ तंतूंचें लांकूड घेऊन त्याचा सुमारें साडेनऊ ते दहा इंच लांबीचा ठोकळा करितात. इंग्लंडांत यास बीच लांकूड वापरीत. अमेरिकेंतील न्यू इंग्लंड प्रांतांत अठराव्या शतकांत पिवळ्या बर्चाचा उपयोग विशेष होता. पातळ फर्मा ठोकळ्याच्या दोन्ही टोकांस लावून आकृति आंखावयाची, आणि खोलगट व फुगीर तळाच्या लहान रंध्यांनीं तळ त्या रेषेपर्यंत उतरवावयाचा. ज्या कारखान्यांत एकच आकार वारंवार लागे, तेथें उलट तळाचा एक मूळ रंधा ठेवीत व त्यानेंच नव्या रंध्यांचे तळ कापीत. एका मूळ प्रतीवरून अनेक नकला उतराव्या, तसाच हा प्रकार.

पातें मात्र त्या फर्म्याची हुबेहूब नक्कल नव्हे. पातें तिरकें बसतें, म्हणून तळावरील खोली पात्यावर लांबते. ४५ अंशांच्या उतारास तळावर जी खोली १० भाग, ती पात्यावर सुमारें १४ भाग करावी लागते. हें ज्यास साधलें नाहीं त्याचें पातें कोठें तळाबाहेर येतें, कोठें आंत राहतें, आणि कंगोरा फसतो. पातें तळाशीं तंतोतंत मिळवून पाचरीनें घट्ट बसविणें, यांतच रंधेकाराची परीक्षा होती.

आतां त्या दोन पुरुषांकडे वळूं. फ्रान्सिस निकल्सन (१६८३–१७५३) हा मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील रेंथम गांवीं रंधे करीत असे. ज्यांची माहिती उपलब्ध आहे अशा अमेरिकी रंधेकारांत तो अगदीं आरंभीचा होय. त्याच्या रंध्यांच्या पुढल्या टोकावर नांवाचा शिक्का असून त्याखालीं 'लिव्हिंग इन रेंथम', म्हणजे आपल्या भाषेंत 'मुक्काम रेंथम', अशीं अक्षरें आहेत. त्याच्यापाशीं सीझर चेलर नांवाचा आफ्रिकी वंशाचा गुलाम होता. १७५३ सालीं निकल्सन वारला, तेव्हां मृत्युपत्रान्वयें सीझर मुक्त झाला, आणि त्यास हत्यारें, लांकूड व दहा एकर जमीन मिळाली. पुढें तो त्याच गांवीं स्वतःचे रंधे करूं लागला व १७८४ सालीं मरण पावला. त्याच्या रंध्यांवर 'सी. चेलर, लिव्हिंग इन रेंथम' असा शिक्का आहे. वाक्य धन्याचेंच, नांव मात्र स्वतःचें.

येथेंच संशोधकानें थबकावें. चेलरचा शिक्का पाहून आपण म्हणतों, हा रंधा त्यानें मुक्त झाल्यावर केला. पण तो हुन्नर कांहीं एका दिवसांत आला नाहीं. धन्याच्या हयातींत त्याच कारखान्यांत जे रंधे झाले, त्यांवर शिक्का निकल्सनचा पडला. हात किती ठिकाणीं सीझरचा होता? पेशवाई कागदांत अक्षर कारकुनाचें व मोर्तब धन्याचें असतें, हें आपण जाणतों. म्हणून शिक्क्यावरून लेखक ठरवीत नाहीं, वळण पाहतों. रंध्यासहि हाच न्याय लाविला पाहिजे. शिक्क्यानें कारखाना सिद्ध होतो, हात सिद्ध होत नाहीं. हात पाहावयाचा तर पाचरीच्या डोक्याचा गोलवा, कडा मारलेल्या कोपऱ्यांची रुंदी, पात्याच्या खांचेचा उतार हें सर्व रंध्यामागून रंधा ताडून पाहावें लागेल. असें न करितां केवळ शिक्के मोजले, तर गुलामगिरींत केलेलें श्रम इतिहासांतहि धन्याच्याच खात्यावर जमा होत राहील. हा अन्याय एकदां झाला तेवढा पुरे.

रंध्याच्या टोकांवर पुष्कळदां आणखीहि नांवें असतात. तीं पुढील मालकांचीं. पोथीच्या शेवटच्या पानावर 'हें पुस्तक अमक्याचें' असें एकाखालीं एक लिहिलेलें आढळतें, तसेंच हें. अशीं नांवें घांसून टोक स्वच्छ करणारा विक्रेता पोथीचें शेवटचें पान फाडणाऱ्याहून वेगळा नव्हे.

१८६७ सालीं लिओनार्ड बेली यानें लोखंडी रंध्याच्या सुधारणांचें पेटंट घेतलें, आणि पुढें लोखंडी रंधे व यंत्रें यांपुढें लांकडी रंधा मागें पडला. परदेशांत त्याचे संग्रह झाले, याद्या छापल्या गेल्या, आणि त्यामुळेंच एका मुक्त गुलामाचें नांव आज आपल्यापर्यंत पोंचलें. आपल्याकडे जुना वाडा उतरवितांना खांब व तुळ्यांस गिऱ्हाईक मिळतें. सुताराच्या पेटींतील झिजलेला रंधा व फळकुटाचा फर्मा चुलींत जातो. वाचकांस आमची विनंति एवढीच, कीं असें हत्यार हातीं येतांच तें घांसूं नये, तेल देऊं नये. टोकाखालीं कागद धरून पेन्सिलीनें आकृति उतरून घ्यावी, लांबी-रुंदी मोजावी, अक्षरें वा खुणा असतील तशा टिपाव्या, आणि कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं मिळालें तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. ज्याच्या हातानें आपलीं घरें उभीं राहिलीं, त्याचें अक्षर बहुधा एवढेंच उरलें आहे.