फटका कुठून आला?

जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मिस्त्रींविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात कानाचा महिमा फार. बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारा मिस्त्री हे या आठवणींतले ठरलेले पात्र. आणि इंजेक्शनच्या गाड्या आल्या, कॉम्प्युटर आला, तशी ती विद्या बुडाली, हा त्यांचा ठरलेला शेवट. या समजुतीची परीक्षा घ्यायला एकच बिघाड पुरेसा आहे. चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर जोरात दाबला की गाडी पिकअप घेण्याऐवजी ठसकते, आणि कार्बोरेटरच्या तोंडातून नाहीतर सायलेन्सरमधून फटका मारते. हा बॅकफायर जवळजवळ कार्बोरेटरइतकाच जुना आहे. त्यावर काढलेल्या उपायांचा इतिहास तपासला, तर मिस्त्रीची खरी विद्या तपासणीच्या क्रमात होती, कानाचा वाटा त्यात पहिल्या पायरीपुरता होता, असे मानावे लागते.

कार्ल बेंझ यांच्या 1886 च्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून वाहत जाई आणि जाताना वाफ सोबत नेई. इंजिन एका संथ लयीत चालत होते तोवर एवढ्यावर भागले. 1893 च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी, आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोन्का यांनी, पेट्रोल बारीक जेटमधून हवेच्या झोतात फवारण्याची रीत आणली. हवा जितकी जोरात ओढली जाईल तितके पेट्रोल जास्त येईल, हे तत्त्व दिसायला सोपे होते, पण हिशेब जुळत नव्हता. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 ग्रॅम हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तर हे प्रमाण 12.5 ते 13 च्या आसपास, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत थोडे रिच, ठेवावे लागते. साधा जेट मात्र वेग कमी असताना लीन मिश्रण देतो आणि वेग वाढला की नको इतके रिच. म्हणून फ्रान्समध्ये आर्थर क्रेब्स यांनी 1902 मध्ये जादा हवा आपोआप आत घेणारी झडप बसवली, आणि फ्रान्स्वा बाव्हरे यांनी 1906 मध्ये भरपाई करणारा दुसरा जेट दिला. झेनिथ कार्बोरेटर त्याच कल्पनेवर उभा राहिला. कार्बोरेटरमध्ये पुढे वाढत गेलेला जवळपास प्रत्येक भाग असा आधीच्या एखाद्या उणिवेवरचा इलाज आहे.

हे सगळे इलाज वेग स्थिर असतानाचे. वेग बदलण्याचा क्षण त्यांच्या हाती लागत नव्हता. पाय दाबला की थ्रॉटल उघडतो आणि हवा तत्काळ आत घुसते. पेट्रोल जड, ते मागे रेंगाळते. शिवाय गाडी आयडलला असताना मॅनिफोल्डमध्ये पाऱ्याच्या 18 ते 20 इंचांइतका व्हॅक्युम असतो आणि त्यात पेट्रोलची सहज वाफ होते. थ्रॉटल उघडताच तो व्हॅक्युम कोसळतो आणि पेट्रोल थेंबाथेंबाने मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटते. म्हणजे ज्या क्षणी इंजिनाला रिच मिश्रण हवे, नेमके त्याच क्षणी ते लीन होते. लीन मिश्रण सावकाश जळते. एक्झॉस्टची वेळ संपून इनलेट व्हॉल्व्ह उघडला तरी सिलिंडरमध्ये आग शिल्लक असते, ती उलटी मॅनिफोल्डमध्ये शिरते आणि कार्बोरेटर फटका मारतो. यावर उपाय म्हणून ॲक्सिलरेटर पंप आला: पाय दाबताच पेट्रोलची एक पिचकारी थेट हवेच्या वाटेत मारणारा. विलिस जीपच्या कार्टर कार्बोरेटरमध्ये तो होता, आपल्याकडच्या मोटारींत बसलेल्या सोलेक्समध्येही होता. ब्रिटनच्या एसयू कार्बोरेटरने पंप टाळून आपल्या आतल्या पिस्टनच्या दांड्यात तेल भरले. पिस्टन सावकाश वर येतो, क्षणभर ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येते. रचना वेगळ्या असल्या तरी दोन्ही एकच गोष्ट कबूल करतात: पिकअपच्या क्षणी लीन होणे हा फवारा पद्धतीचा अंगभूत दोष आहे. पंपाचा डायफ्राम फाटला किंवा त्याचा जेट तुंबला, की तो दोष पुन्हा उघडा पडतो.

एवढेच असते तर प्रत्येक फटक्यावर पंप बदलून भागले असते. पण चार्ल्स केटरिंग यांनी बसवलेल्या, 1910 च्या दशकापासून रूढ झालेल्या पॉइंट-कॉइलच्या इग्निशनचीही परीक्षा त्याच क्षणी होते. थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडर जास्त भरतो, दाबलेले मिश्रण दाट होते आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. आयडलला ठणठणीत वाटणारी कमजोर कॉइल किंवा खराब कंडेन्सर इथे हार खातो. न जळलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये जाते आणि तिथे स्फोट होतो. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला बारीक तडा असेल तर ठिणगी शेजारच्या वायरीवर उडी मारते. ज्या सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह अजून उघडा आहे त्यात ती पेटली, तर फटका कार्बोरेटरमधून येतो. म्हणजे दोष विजेचा आणि आवाज पेट्रोलच्या बाजूचा. मिस्त्रींच्या धंद्यात कार्बोरेटर खोलण्याआधी प्लग, पॉइंट आणि टाइमिंग बघण्याचा दंडक पडला, तो या फसव्या आवाजामुळेच.

हा दंडक भारतात विशेष घट्ट झाला, त्याला कारणे होती. मुंबईत जनरल मोटर्सने 1928 पासून गाड्या जुळवल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने देशात सुटे भाग बनवणाऱ्यांनाच वाव द्यायचे ठरवले, तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात निघून गेल्या. उरल्या मोजक्या कंपन्या. त्यांत वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेली, कुर्ल्याची प्रीमियर. तिच्या फियाट 1100 चे आणि पुढे पद्मिनीचे 1089 सीसी इंजिन मुळात इटलीतल्या 1937 च्या रचनेवरून आलेले, आणि पद्मिनी विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. एकाच घराण्याचे इंजिन इतकी वर्षे रस्त्यावर असले की त्याच्या खोडी पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतात. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे जुनी टिकवणे भाग होते. भाग बदलून पाहण्याची चैन परवडणारी नव्हती. म्हणून खर्च न करता एकेक शक्यता बाद करणाऱ्या चाचण्या रुजल्या. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून थ्रॉटल दाबायचा आणि पिचकारी दिसते का ते पाहायचे. चोक अर्धा ओढून गाडी पळवायची. फटका थांबला तर मिश्रण लीन आहे. अंधारात रेस देऊन वायरींवर निळी ठिणगी नाचते का ते न्याहाळायचे. शिवाय फटक्याची वेळ ध्यानात घ्यायची: पाय दाबताक्षणी आला तर संशय ॲक्सिलरेटर पंपावर, काही सेकंद जोर दिल्यावर आला तर मेन जेट, फिल्टर किंवा पेट्रोल पंपावर, पाय उचलल्यावर सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्टच्या गळतीवर. कान इथे पहिला फाटा दाखवतो, पुढची सगळी वाट हात आणि डोळे काढतात.

यावर पहिला आक्षेप असा की गॅरेजांत प्रत्यक्षात एवढी शिस्त नव्हती. जेटचे भोक तारेने मोठे करून फटका दाबून टाकणारेच पुष्कळ होते. हे खरे आहे, आणि त्याला नियमांनीही नकळत हातभार लावला. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी चारचाकी पेट्रोल गाड्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंतच असावा असे ठरवले, पण पीयूसीची ती मोजणी आयडलला होत असे. त्यामुळे मेन जेट मोठा करून जोरात पळताना धूर सोडणारी गाडी पीयूसीत पास होऊ शके. उलट पीयूसीसाठी आयडलचा स्क्रू नको तितका लीन केला, की थ्रॉटल उघडताना गाडी हमखास ठसके. पण या आक्षेपाने मूळ मुद्दा मोडत नाही. मोठ्या केलेल्या जेटने लीनपणा झाकला जातो, तडा गेलेली कॅप तशीच राहते, फटका परत येतो आणि मधल्या काळात पेट्रोल वाया जाते. क्रम सोडणाऱ्याची फजिती हाच क्रमाच्या बाजूचा पुरावा आहे. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, तेव्हा तोच धडा दुसऱ्या बाजूने मिळाला. वायू मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटत नाही, म्हणजे पेट्रोलचे रेंगाळणे तिथे नाहीच; तरी बॅकफायर येत असे, कारण सीएनजीला ठिणगी अधिक जोरदार लागते आणि जुने प्लग, जुन्या वायरी तिथे उघड्या पडतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू होऊन नव्या दुचाकींमधूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला, मग ही विद्या आता कशाला? पण हद्दपार झाला तो कार्बोरेटर; पेट्रोलचा जडपणा आणि भिंतींना चिकटण्याची सवय तशीच आहे. इंजेक्शनच्या गाडीतही पाय दाबताच कॉम्प्युटर क्षणभर जास्त पेट्रोल सोडतो. जे काम रबरी डायफ्राम करीत असे ते आज प्रोग्राम करतो. स्कॅनर लावला की पी0171 असा कोड येतो, त्याचा अर्थ एवढाच की मिश्रण लीन आहे. ते हवा गळल्याने, पंप थकल्याने की सेन्सर मळल्याने, हे कोड सांगत नाही. कोड वाचून सेन्सर बदलणारा आणि फटका ऐकून कार्बोरेटर खोलणारा, दोघेही लक्षणाला कारण समजतात. म्हणून जुन्या गॅरेजांकडून घ्यायचेच असेल तर त्यांच्या कानाच्या दंतकथा घेऊ नयेत. स्वस्त चाचणी आधी, महाग भाग शेवटी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम घ्यावा. तो ज्यांनी पाळला त्यांना स्कॅनर हे आणखी एक हत्यार वाटले. ज्यांनी कधीच पाळला नव्हता, त्यांची विद्या बुडवायला कॉम्प्युटरची गरजच पडली नाही.